व्होल्टेज आणि फेज बदलताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

व्होल्टेज बदलणं आणि फेज वाढवणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिल्याला ट्रान्सफॉर्मर पुरतो, दुसऱ्याला पुरत नाही. खालचे निम्मे प्रश्न या दोहोंची गल्लत झाल्यामुळेच पडतात. वेगळं सांगितलेलं नसेल तिथे सप्लाय २३०/४०० व्होल्ट (फेज ते न्यूट्रल २३०, दोन फेजमध्ये ४००), ५० हर्ट्झ धरला आहे. मेन बोर्ड उघडून करायची कामं परवानाधारक वायरमनचीच. या उत्तरांचा उपयोग त्याच्याशी नीट बोलता यावं आणि चुकीची वस्तू विकत घेतली जाऊ नये, एवढ्यासाठी.

२३० आणि ४०० हे आकडे कसे जुळतात? दोन फेज म्हणजे ४६० का नाही?

तिन्ही फेजच्या लाटा एकमेकींच्या १२० अंश मागेपुढे असतात. एक फेज माथ्यावर असतो तेव्हा दुसरा तळाला पोचलेला नसतो, म्हणून दोघांमधलं अंतर दुप्पट न भरता ३ च्या वर्गमुळाइतकं, म्हणजे १.७३२ पट भरतं. २३० गुणिले १.७३२ म्हणजे ३९८, तेच आपण ४०० म्हणतो. जुन्या नेमप्लेटवरचं ४१५ हे २४० चं जोडीदार. अमेरिकेतलं २०८ हे १२० चं, ब्राझीलमधलं २२० हे १२७ चं. अनोळखी आकडा दिसला की १.७३२ ने भागून पाहा, बहुतेक वेळा मूळ सापडतं.

बोलताना सर्रास ‘दोनशेवीस-चारशेचाळीस’ म्हटलं जातं. ही जोडी जुळत नाही. ४४० ला भागल्यावर २५४ येतात. बोलायला चालतं, पण ट्रान्सफॉर्मरची ऑर्डर देताना मीटर लावून मोजलेलाच आकडा द्यावा.

अमेरिकेत घरात १२० आणि २४० दोन्ही मिळतात. ती टू-फेज वीज आहे का?

नाही, सिंगल फेजच आहे. ट्रान्सफॉर्मरच्या २४० व्होल्टच्या वाइंडिंगला बरोबर मध्यावर एक वायर काढलेली असते, तो न्यूट्रल. कुठल्याही टोकापासून मध्यापर्यंत १२०, टोकापासून टोकापर्यंत २४०. लाटा दोन दिसतात, पण त्या एकाच लाटेच्या उलट-सुलट बाजू आहेत. इथे दुप्पट होते, १.७३२ पट नाही. मीटरवर १२० आणि २४० दिसले तर ही पद्धत, १२० आणि २०८ दिसले तर खरोखरची थ्री-फेज.

तिथल्या काही जुन्या वर्कशॉपमध्ये तिसरीच भानगड सापडते: २४० व्होल्टची डेल्टा, म्हणजे त्रिकोणात जोडलेली तीन वाइंडिंग, आणि तिच्या एका बाजूच्या मध्यावर न्यूट्रल. मग दोन फेज न्यूट्रलशी १२० दाखवतात आणि तिसरा २०८. त्या तिसऱ्यावर कोणी १२० चं यंत्र लावलं की ते गेलंच.

तिथलं २४० व्होल्टचं यंत्र आपल्या २३० वर चालेल का? आत १२० वर चालणारा एकही भाग नसेल आणि ५० हर्ट्झ चालत असेल, तर चालेल. ओव्हन किंवा कपडे वाळवायच्या यंत्राला चार वायर असतील, तर आतला दिवा, टायमर किंवा छोटी मोटर १२० वर चालते. त्याला मध्याचा न्यूट्रल लागतो, आणि तो आपल्याकडे नसतो.

घरात थ्री-फेज मीटर आहे. २३० व्होल्टची उपकरणं लावायला कन्व्हर्टर लागतो का?

लागत नाही. कुठलाही एक फेज आणि न्यूट्रल घेतला की सिंगल फेज मिळाली. घरातलं बोर्ड तसंच वाटलेलं असतं: काही खोल्या एका फेजवर, काही दुसऱ्यावर, पंप किंवा एसी तिसऱ्यावर. लोड जमेल तेवढा सारखा वाटायचा, इतकंच पथ्य. तिन्हीकडे सारखा साधा लोड असेल तर न्यूट्रलमधून जवळपास करंटच जात नाही. कॉम्प्युटर, एलईडी, चार्जर असा इलेक्ट्रॉनिक लोड मात्र याला अपवाद. त्यांच्या करंटमधला तिप्पट फ्रीक्वेन्सीचा भाग तिन्ही फेजमधून येऊन न्यूट्रलमध्ये साठतो. म्हणून न्यूट्रल कधीही फेजपेक्षा बारीक टाकू नये.

‘न्यूट्रल तुटला आणि सगळी उपकरणं जळाली’ असं ऐकतो. फेज तुटला तर उपकरण बंद पडतं, मग न्यूट्रल तुटल्यावर जळतं कसं?

आकडेच मांडून बघू. लाल फेजवर १०० वॉटचा साधा बल्ब, पिवळ्या फेजवर १००० वॉटचा हीटर. बल्बचा रोध ५२९ ओम, हीटरचा ५३. न्यूट्रल शाबूत आहे तोवर दोघांना आपापले २३० व्होल्ट मिळतात. आता मीटरपाशी न्यूट्रलचा स्क्रू सैल होऊन वायर निसटली. बल्ब आणि हीटर अजूनही बोर्डातल्या न्यूट्रल पट्टीवर एकमेकांना जोडलेले आहेतच. म्हणजे ते आता दोन फेजमध्ये, ४०० व्होल्टवर, एकापुढे एक असे सिरीजमध्ये बसले. व्होल्टेज रोधाच्या प्रमाणात वाटलं जातं: हीटरला ३६ व्होल्ट, बल्बला ३६४.

बल्ब फटकन उडतो. बल्बच्या जागी टीव्ही किंवा राउटर असता तर तोही गेला असता. यातली मेख अशी, की ज्या फेजवर लोड कमी, त्याच फेजवरचं सामान आधी जळतं. दिवे एकदम प्रखर झाले आणि दुसऱ्या खोलीतले त्याच वेळी मंद झाले, तर कसलाही विचार न करता मेन स्विच पाडायचा. थ्री-फेज मेनला चार पोलचा (तीन फेज आणि न्यूट्रल एकदम तोडणारा) स्विच असावा आणि न्यूट्रलच्या वायरीत कधीच फ्यूज नसावा, ते याचसाठी. ओव्हरव्होल्टेज रिले लावला तर उत्तमच, पण सैल स्क्रू त्याने घट्ट होत नाही.

मोटरच्या नेमप्लेटवर २३०/४०० लिहिलंय. म्हणजे ती सिंगल फेजवरही चालते का?

फेज मोजायची ही जागा नव्हे. हे दोन्ही आकडे थ्री-फेजचेच आहेत: डेल्टा जोडल्यास २३० आणि स्टार जोडल्यास ४०० व्होल्ट. खरा अर्थ एवढाच की आतल्या प्रत्येक वाइंडिंगला २३० व्होल्ट सोसतात.

टर्मिनल बॉक्सचं झाकण काढा (सप्लाय बंद करून, आणि बंद झालाय हे मीटरने तपासून). सहा बोल्ट दोन ओळींत दिसतील. एका ओळीत यू१, व्ही१, डब्ल्यू१. दुसऱ्या ओळीत डब्ल्यू२, यू२, व्ही२. हा क्रम मुद्दाम सरकवलेला असतो. पितळी पट्ट्या उभ्या लावल्या की प्रत्येक वाइंडिंगचं शेपूट शेजारच्या वाइंडिंगच्या डोक्याला मिळतं, म्हणजे डेल्टा. तिन्ही शेपटं एका आडव्या पट्टीने बांधली की स्टार.

आता चुका पाहा. २३०/४०० ची मोटर डेल्टात ठेवून ४०० दिले, तर २३० च्या वाइंडिंगवर ४०० पडतात आणि वार्निशचा वास यायला फार वेळ लागत नाही. उलट, ४००/६९० ची मोटर स्टारमध्ये ठेवून ४०० दिले तर ती फिरते, पण जोर एक-तृतीयांश. लोड आला की घोंघावते आणि अडते. लहान मोटरी बहुधा पहिल्या प्रकारच्या आणि मोठ्या दुसऱ्या प्रकारच्या असतात. बॉक्समध्ये सहाऐवजी तीनच वायरी बाहेर आल्या असतील तर जोड आतच केलेला आहे. तो बदलायचा तर मोटर रिवाइंडिंगवाल्याकडे न्यावी लागेल.

सिंगल फेजवर थ्री-फेज मोटर चालवायची तर हा पाटीवरचा पहिला आकडाच सगळं ठरवतो. २३० डेल्टा असेल तर मार्ग सोपे, ४०० डेल्टा असेल तर महाग.

सिंगल फेजमधून थ्री-फेज बनवणारा ट्रान्सफॉर्मर मिळतो का?

मिळत नाही, आणि कोणी विकत असेल तर घेऊ नका. ५० हर्ट्झच्या सिंगल फेजमध्ये पॉवर सेकंदाला १०० वेळा शून्यावर येते. थ्री-फेजमध्ये तिन्हींची बेरीज कायम सारखी राहते. म्हणजे त्या शंभर शून्यांच्या क्षणी लोडला द्यायची ऊर्जा कुठेतरी साठवलेली हवी. ट्रान्सफॉर्मर ऊर्जा साठवून ठेवत नाही, आली तशी पुढे देतो. साठवण करायला एक तर फिरणारं वजन लागतं, नाहीतर कॅपॅसिटर. बाजारातला प्रत्येक फेज कन्व्हर्टर यांपैकी कशावर तरी उभा आहे.

मग स्कॉट जोडणीचं काय, असा प्रश्न येतो. चार्ल्स स्कॉट यांची जोडणी खरी आहे, पण ती टू-फेजची थ्री-फेज करते, आणि ते दोन फेज ९० अंशांनी वेगळे असावे लागतात. एकाच लाटेवर दोन ट्रान्सफॉर्मर लावले तरी लाट एकच राहते.

कॅपॅसिटर लावून थ्री-फेज मोटर सिंगल फेजवर चालते, हे खरं का?

खरं आहे. मोटर २३० च्या डेल्टात जोडायची, दोन टर्मिनलना फेज-न्यूट्रल द्यायचे, आणि तिसऱ्या टर्मिनलपासून त्यांपैकी एकाला कॅपॅसिटर. तो दुसऱ्या टोकाला लावला की मोटर उलटी फिरते. अंदाजे हिशेब किलोवॉटमागे ७० मायक्रोफॅरड. एक हॉर्सपॉवरला, म्हणजे पाऊण किलोवॉटला, ५० च्या आसपास. ४०० व्होल्टचे दोन फेज हाताशी असतील आणि तिसरा नसेल, तर व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे हिशेब उतरतो: किलोवॉटमागे २२-२३.

पण काय गमावतो ते आधी बघा. जोर साधारण ७० टक्क्यांपर्यंतच वापरता येतो. सुरुवातीचा जोर तर पाव ते एक-तृतीयांश. पंखा, ग्राइंडर, रिकामा सुरू होणारा लेथ चालून जाईल. दाबाखाली सुरू होणारा कॉम्प्रेसर उठणार नाही. त्याला सुरुवातीपुरता दुसरा, दुप्पट आकाराचा कॅपॅसिटर द्यावा लागतो आणि तो मोटर वेगात येताच सुटला पाहिजे. सुटला नाही तर तो फुगतो, फुटतो. शिवाय कॅपॅसिटरचा आकार एकाच लोडला जुळतो. मोटर रिकामी चालली की उलट एका वाइंडिंगला जास्त करंट जातो, म्हणून ‘लोड नसताना मोटर तापते’ ही तक्रार इथे खरी असते.

कायम लागून राहणारा कॅपॅसिटर मोटर-रन प्रकारचा, ४०० ते ४५० व्होल्ट एसीचा घ्यावा. स्टार्टचा स्वस्त इलेक्ट्रोलिटिक तिथे लावू नये. आणि सप्लाय काढल्यावर कॅपॅसिटरला हात लावण्याआधी तो रेझिस्टर लावून रिकामा करावा.

माझं मत विचाराल तर: एखाद-दुसऱ्या लहान पंपाला किंवा पंख्याला हा उपाय ठीक. रोज आठ तास चालणाऱ्या यंत्राला नको.

व्हीएफडी (व्हेरिएबल फ्रीक्वेन्सी ड्राइव्ह) लावला तर?

वर्कशॉपमध्ये एकच यंत्र असेल आणि मोटर तीन हॉर्सपॉवरपर्यंत असेल, तर मी दुसरं काही सुचवणार नाही. ड्राइव्ह आलेल्या एसीचं डीसी करतो (२३० पासून सुमारे ३२५ व्होल्ट), ते मोठ्या कॅपॅसिटरमध्ये साठवतो आणि त्यातून तीन फेज नव्याने तयार करतो. वर म्हटलेली साठवण ती हीच. मोटरला पूर्ण जोर मिळतो, हळू उठते, वेग कमी-जास्त होतो, उलट फिरवायला बटण.

अडचण एकच, पण मोठी: साध्या ड्राइव्हला २३० आत दिले तर बाहेर जास्तीत जास्त २३० च मिळतात, फक्त तीन फेजमध्ये. म्हणून मोटर २३० डेल्टाची हवी. ४०० डेल्टाची मोटर त्यावर लावली तर निम्म्या वेगाच्या थोडं पुढे गेल्यावर जोर ओसरतो. अशा मोटरसाठी आधी २३० चे ४०० करणारा ट्रान्सफॉर्मर, मग ४०० चा ड्राइव्ह, असा दुहेरी खर्च येतो.

तीन हॉर्सपॉवरच्या वर सिंगल फेज इनपुटचे ड्राइव्ह कमी मिळतात. मग थ्री-फेज इनपुटचा ड्राइव्ह घेऊन त्याला दोनच वायरी देतात. इनपुट डायोडमधून जाणारा करंट जवळपास पावणेदोन पट होतो, आतल्या कॅपॅसिटरवर ताण येतो, म्हणून मोटरच्या दुप्पट क्षमतेचा ड्राइव्ह धरावा. काही ड्राइव्ह एक फेज नाही म्हणून सरळ ट्रिप होतात. ते उत्पादकाच्या मॅन्युअलमध्ये आधीच पाहून घ्यायचं.

बसवताना हमखास होणाऱ्या चुका अशा. ड्राइव्ह आणि मोटर यांच्यामध्ये स्विच किंवा कॉन्टॅक्टर (कॉइलने लागणारा मोठा स्विच) टाकून तो चालू मोटरवर उघडणं. ड्राइव्हचे ट्रान्झिस्टर याने जातात. सुरू-बंदचं बटण ड्राइव्हच्या कंट्रोल टर्मिनलवर न्यायचं. दुसरी, पूर्ण यंत्रच ड्राइव्हच्या मागे टाकणं. यंत्रातला दिवा, कंट्रोल ट्रान्सफॉर्मर, कॉन्टॅक्टरची कॉइल यांना ड्राइव्हचं आउटपुट चालत नाही. त्यांना थेट मेनवरून वेगळी वायर द्यावी. तिसरी, फार कमी वेगावर तासन्‌तास चालवणं. मोटरचा पंखा तिच्याच शाफ्टवर असतो, शाफ्ट हळू फिरला की वारा कमी आणि मोटर तापते.

आणि आरसीसीबी, म्हणजे अर्थिंगकडे करंट गळला की सप्लाय तोडणारा स्विच. ड्राइव्हच्या फिल्टरमधून थोडा करंट कायम अर्थिंगकडे गळतो, त्यामुळे ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी वारंवार पडू शकते. यावर ‘आरसीसीबी काढून टाका’ हा सल्ला सर्रास मिळतो. तो ऐकू नका. ड्राइव्हसाठी योग्य प्रकारची आरसीसीबी मिळते, ती त्या सर्किटला वेगळी लावा. झाकण उघडायचं तर सप्लाय काढून, ड्राइव्हवर लिहिलेली मिनिटं थांबून, आणि तरीही मीटर लावून.

रोटरी कन्व्हर्टर कधी घ्यावा?

यंत्रं तीन-चार असतील, मोटरी वेगवेगळ्या असतील, प्रत्येकाला ड्राइव्ह परवडत नसेल तेव्हा. एक थ्री-फेज मोटर शाफ्टला काहीही न जोडता सिंगल फेजवर फिरवत ठेवायची. तिचं तिसरं टर्मिनल स्वतःच जनरेटरसारखं व्होल्टेज देऊ लागतं. ही मोकळी फिरणारी मोटर सर्वांत मोठ्या यंत्राच्या मोटरपेक्षा दीडपट तरी असावी. बनवलेला तिसरा फेज लोडप्रमाणे वर-खाली होतो, म्हणून यंत्राचं कंट्रोल सर्किट त्यावर कधी टाकू नये. मूळच्या दोन वायरींवरच ठेवावं. ४०० व्होल्टची यंत्रं असतील तर कन्व्हर्टरच्या आधी ट्रान्सफॉर्मर लागेलच. आवाज होतो, जागा अडते, रिकामं फिरतानाही थोडी वीज जाते. पण नादुरुस्त व्हायला आत फारसं काही नसतं, आणि जुन्या जड यंत्रांशी त्याचं चांगलं जमतं.

मोटरच बदलून सिंगल फेजची बसवली तर?

दोन हॉर्सपॉवरपर्यंत बरेचदा हाच शहाणपणा. फ्रेमचा आकार आणि शाफ्टची उंची जुळते का ते पाहा.

तीन हॉर्सपॉवरला किती अँपिअर धरायचे?

एक हॉर्सपॉवर म्हणजे ७४६ वॉट, तीनचे २२३८. मोटरची कार्यक्षमता ०.८ आणि पॉवर फॅक्टर ०.८ धरला, तर ४०० व्होल्ट थ्री-फेजवर २२३८ ला १.७३२, ४०० आणि ०.६४ यांच्या गुणाकाराने भागायचं: सुमारे ५ अँपिअर. तीच मोटर २३० सिंगल फेजवर १५ अँपिअर. हॉर्सपॉवरमागे थ्री-फेजला पावणेदोन, सिंगल फेजला पाच, हे लक्षात ठेवलं की बोर्डापुढे उभं राहून गणित करावं लागत नाही. चालू होतानाचा करंट मात्र याच्या सहापटीपर्यंत जातो.

वर्कशॉप मेन बोर्डापासून लांब आहे, मोटर उठत नाही. स्टॅबिलायझर लावू का?

आधी वायर बघा. ४० मीटर लांब, अडीच चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीत, जाऊन-येऊन ८० मीटर धरले तर रोध ०.६ ओम. वरची तीन हॉर्सपॉवरची सिंगल फेज मोटर चालताना १५ अँपिअर घेते: ९ व्होल्ट वायरीतच गेले. उठताना ती ९० अँपिअर मागते, म्हणजे कागदावर पन्नासच्या वर व्होल्ट गेले, आणि मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाने पडतो. स्टॅबिलायझर लावला तर तो व्होल्टेज वाढवायला अजून करंट ओढतो आणि वायरीत अजून घट होते. सहा चौरस मिलिमीटरची वायर टाकली की चालतानाची घट चारच्या खाली येते. तीच मोटर ४०० थ्री-फेजची असती, तर अडीचच्या वायरीतही अडीच-तीन व्होल्टच गेले असते, तेही ४०० मधून. लांब पल्ल्याला थ्री-फेज उगाच पसंत पडली नाही. १८९१ साली लाउफेनहून फ्रँकफुर्टपर्यंत १७५ किलोमीटर वीज नेली ती थ्री-फेजच होती.

दोन फेजवर चालणारं ४०० व्होल्टचं वेल्डिंग मशीन २३० वर चालेल का?

ट्रान्सफॉर्मरचं जुनं मशीन असेल तर ते मुळात सिंगल फेजच आहे, फक्त ४०० चं. फेज बनवायची गरज नाही, व्होल्टेज वाढवलं की झालं. पण मशीन १२ किलोव्होल्ट-अँपिअरचं असेल तर २३० च्या बाजूला ५२ अँपिअर लागतील, आणि ते घरच्या कनेक्शनवर बसत नाहीत. थेट २३० लावलं तर आर्क नीट धरत नाही. त्यापेक्षा २३० वर चालणारं इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन बरं. एक टीप सांगून ठेवतो: काही जुन्या मशीनवर २३० आणि ४०० अशी दोन्ही टर्मिनलं आधीच दिलेली असतात. झाकण उघडून बघितल्याशिवाय पैसे घालू नका.

१२० व्होल्टचं उपकरण २३० वर लावलं तर काय होतं?

तापणारं असेल तर पॉवर व्होल्टेजच्या वर्गाने वाढते: ३.६७ पट. हजार वॉटचा टोस्टर ३६७० वॉट खायला बघतो आणि तार वितळते. उलट २३० ची २००० वॉटची किटली १२० वर लावली तर जळत नाही, ५४५ वॉटने पाणी कोमट करत बसते.

लॅपटॉप, फोन यांच्या चार्जरवर १००-२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ छापलेलं असतं. त्यांना फक्त पिन बदलणारा अडॅप्टर पुरतो. बाकीच्यांना ट्रान्सफॉर्मर. त्याचा आकार उपकरणाच्या वॉटच्या सव्वापट, मोटर असेल तर दोन-तीनपट. प्रवासात मिळणारे हलके, खिशात मावणारे ‘१६०० वॉट’चे कन्व्हर्टर ट्रान्सफॉर्मर नसतात. ते लाटेचे तुकडे कापून देतात, हेअर ड्रायरसारख्या साध्या तापणाऱ्या वस्तूला तेवढं चालतं. इलेक्ट्रॉनिक वस्तू त्यावर लावू नये.

ट्रान्सफॉर्मरमुळे वीज वाढत नाही, हेही सांगायला हवं. १२० व्होल्ट, १५ अँपिअरच्या सॉकेटमधून १८०० च्या वर काही निघत नाही, मग पुढे २३० करा नाहीतर ५०००.

ऑटोट्रान्सफॉर्मर घ्यावा की आयसोलेशनचा?

ऑटो निम्म्या वजनाचा आणि स्वस्त, कारण त्यात एकच वाइंडिंग असतं. दोष तोच: आतलं दोन्हीकडे सामाईक असलेलं वाइंडिंग तुटलं तर आउटपुटला पूर्ण २३० पोचतात. १२० च्या महागड्या उपकरणामागे मी तो ठेवणार नाही. आयसोलेशनमध्ये इनपुट-आउटपुटचा तांब्याचा संबंधच नसतो. ब्रिटनमध्ये बांधकामावरच्या हत्यारांना वापरतात तो पिवळा ११० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर या जातीचा. त्याच्या वाइंडिंगचा मध्य अर्थ केलेला असल्याने एका वायरीला हात लागला तरी जमिनीशी ५५ व्होल्टच बसतात.

मोठा ट्रान्सफॉर्मर चालू करताक्षणी एमसीबी पडते ही तक्रार बहुतेक वेळा ट्रान्सफॉर्मरची नसते. सुरुवातीचा झटका मोठा असतो. तो सोसणारी, सी किंवा डी कर्व्हची एमसीबी लागते.

ट्रान्सफॉर्मरने ६० हर्ट्झचे ५० होतात का?

नाही. फ्रीक्वेन्सी फक्त ड्राइव्ह, इन्व्हर्टर किंवा मोटर-जनरेटर बदलतो. जपानमध्ये पूर्वेला ५० आणि पश्चिमेला ६० हर्ट्झ आहे. दोन्ही भाग जोडायला तिथे भलीमोठी कन्व्हर्टर केंद्रं बांधावी लागली.

मोटरसाठी नियम असा: व्होल्टेज आणि हर्ट्झ एकाच प्रमाणात उतरले तर मोटर सुखी. ४६० व्होल्ट, ६० हर्ट्झच्या मोटरला ५० वर ३८३ हवेत. ४०० मिळतात, थोडी गरम चालेल, पण चालेल. वेग १८०० चा १५०० होईल. २३० व्होल्ट, ६० हर्ट्झच्या मोटरला मात्र ५० वर १९२ हवेत, २३० जास्त होतात. नुसत्या ६० साठी बनवलेला ट्रान्सफॉर्मर ५० वर गुणगुणतो आणि तापतो. उलटी दिशा, ५० चं सामान ६० वर, सहसा निभावते, अपवाद पंप आणि पंखे: वेग १.२ पट झाला की पॉवर १.७३ पट लागते.

मोटर उलटी फिरते.

कुठलेही दोन फेज अदलाबदल करा. पंप असेल तर आधी तपासा. उलटा फिरणारा पंपही थोडं पाणी देतो आणि फसवतो.

एक फेज गेला तरी मोटर चालूच राहिली, मग जळाली. बंद का नाही झाली?

फिरणारी मोटर दोन फेजवर फिरत राहते. तेवढंच काम करायला उरलेल्या वायरींतून जवळपास १.७३ पट करंट ओढते. ओव्हरलोड रिले नीट लावलेला असेल तर तो पाडतो. पण ‘सारखा पडतो’ म्हणून कोणीतरी त्याचा आकडा वाढवून ठेवलेला असतो. सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर (एक फेज गेला की मोटर बंद करणारं उपकरण) लावावा, आणि रिले नेमप्लेटच्या अँपिअरवरच ठेवावा. फेज पूर्ण जायचीही गरज नसते. तिन्ही व्होल्टेजमध्ये साडेतीन टक्के फरक असला तरी मोटरचं तापणं सुमारे पाव पटीने वाढतं.

वायरींच्या रंगावर विसंबावं का?

जुन्या पद्धतीत लाल, पिवळा, निळा हे फेज आणि काळा न्यूट्रल. नव्या आंतरराष्ट्रीय पद्धतीत तपकिरी, काळा, करडा हे फेज आणि निळा न्यूट्रल. अमेरिकेत काळा फेज, पांढरा न्यूट्रल. म्हणजे काळा इथे न्यूट्रल आणि तिथे फेज, निळा इथे फेज आणि तिथे न्यूट्रल. बाहेरून आलेल्या यंत्राच्या केबलवर तर रंग वाचूच नका. हिरवा किंवा हिरवा-पिवळा अर्थिंगचा, एवढं बहुतेक सगळीकडे सारखं, पण जुन्या बोर्डात तेही तपासावं.

टेस्टरने दोन्ही वायरींत दिवा लागला. दोन फेज आहेत ना?

टेस्टर फक्त ‘इथे काहीतरी आहे’ एवढं सांगतो. दोन्ही वायरी एकाच फेजच्या असू शकतात, किंवा तुटलेला न्यूट्रल उपकरणातून मागे आलेला फेज दाखवत असेल. मल्टिमीटर दोन वायरींत लावा: ४०० म्हणजे वेगळे फेज, शून्य म्हणजे एकच. मधलाच ६०-९० असा आकडा आला तर शेजारच्या वायरीतून चढलेलं भुताटकी व्होल्टेज असू शकतं. डिजिटल मीटरचा रोध फार मोठा असल्याने तो तेही दाखवतो. तिथे बल्ब लावून बघा. आकडा कोसळला तर ते भूतच होतं.

लाईट गेल्यावर सिंगल फेज जनरेटर थ्री-फेज बोर्डाला जोडता येतो का?

चेंजओव्हर स्विचमधूनच. दोन्ही बाजू एकाच वेळी लागूच शकणार नाहीत असा तो असावा आणि त्याने न्यूट्रलही बदलावा. तिन्ही फेजच्या पट्ट्या जनरेटरच्या एका फेजला जोडल्या तर २३० ची सगळी उपकरणं चालतील, पण मग तिन्हींचे करंट एकाच दिशेने न्यूट्रलमध्ये येतील, एकमेकांना छेदणार नाहीत. म्हणून एकूण करंट न्यूट्रलला सोसतो का ते पाहावं लागतं. थ्री-फेज मोटरी त्या वेळी बंदच राहिल्या पाहिजेत. त्यांना तीनही टर्मिनलवर एकच लाट मिळेल आणि त्या फिरणार नाहीत.

दोन्ही टोकांना पिन असलेली वायर सॉकेटमध्ये खुपसून घर चालू करणाऱ्यांना एकच सांगणं: ती वीज मीटरमधून उलटी बाहेर जाते, पोलावरच्या ट्रान्सफॉर्मरमधून हजारो व्होल्ट होऊन, आणि तिथे सप्लाय बंद आहे असं समजून लाईनमन चढलेला असतो.